पडदे ओढून घ्या, नाना गोष्ट सांगणार आहेत

जून महिना, संध्याकाळचे सात, बाहेर लख्ख ऊन. आमच्या लंडनमधल्या क्रॉयडनला जूनमध्ये सूर्य नऊच्या आत मावळायचं नाव घेत नाही आणि पोरांची झोपायची वेळ आठ. आणि शेजारच्या फ्लॅटमध्ये सत्तरीच्या एक आजी हॉलचे पडदे ओढतायत, फटीतून ऊन येतंय तिथे उश्या कोंबतायत, दाराखाली टॉवेल सरकवतायत. का, तर गोष्ट सांगायचीय. आणि गोष्ट दिवसाउजेडी सांगत नसतात.

आजी म्हणजे माझ्या मैत्रिणीची आई. घानातल्या कुमासीहून आलेल्या, सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसावर. त्यांच्या त्वी भाषेत आजी असो की आजोबा, दोघांनाही नानाच म्हणतात. मी पुण्याला आईला फोनवर सांगितलं की शेजारी नाना आलेत, तर आईचा पहिला प्रश्न, "एकटेच? मग जेवणाखाणाचं कसं करतात?" नाना बाई आहेत हे तिला पटायला एक व्हिडिओ कॉल लागला. आणि मग मी म्हटलं त्या कोळ्याच्या गोष्टी सांगतात तर आई म्हणे कुठला कोळी, वेसाव्याचा? अगं जाळं विणणारा गं, आठ पायांचा. (दोघंही जाळंच विणतात म्हणा.)

दिवसा गोष्ट सांगू नये हे मला नवीन नव्हतं, माझी एक कानपूरची मैत्रीण आहे, तिच्याकडे म्हणतात की दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. पण मी ते आपलं लोकसमजूत म्हणून ऐकलेलं. इथे डोळ्यासमोर एक बाई त्यापायी अख्ख्या इंग्लंडच्या उन्हाळ्याशी भांडत होती.

तर, नाना सांगतात त्या गोष्टींना अनानसेसेम म्हणतात. अनानसे म्हणजे कोळी, पण तो माणूसही आहे, नवराही आहे, बापही आहे, आणि पक्का लबाड आहे. बायकोचं नाव आसो, मुलाचं न्तिकुमा. घानातल्या अकान लोकांकडे सगळ्याच गोष्टींना कोळ्याच्या गोष्टी म्हणतात, त्यात कोळी नसला तरी. म्हणजे मालकी हक्कच त्याचा. तो कसा मिळवला त्याचीही एक गोष्ट आहे, ती पुढे सांगते.

आधी त्या पहिल्या संध्याकाळचं सांगते, कारण ती साफ फसली.

तीन मुलं खाली बसलेली, मैत्रिणीची दोन (मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच) आणि माझी सात वर्षांची लेक. नाना त्वीमध्ये सांगणार, मैत्रीण इंग्लिशमध्ये भाषांतर करणार, आणि मी आपली मागे चहा घेऊन. नानांनी सुरुवात केली. अनानसेसेमची जुनी सुरुवात आहे ती अशी, की आम्ही खरंच म्हणत नाही हं, आम्ही हे खरं आहे असं म्हणत नाही. मला तर तिथेच मजा वाटली, आपलं आटपाट नगर निदान होतं तरी, इथे आधीच हात वर. मग नाना बोलायच्या, थांबायच्या, मैत्रीण इंग्लिशमध्ये सांगायची, मुलं मान हलवायची, परत नाना. पाच-सात मिनिटं असं चाललं आणि नाना एकदम गप्प झाल्या. मग लेकीशी काहीतरी बोलल्या, जरा चिडूनच. मैत्रिणीने मला सांगितलं, "आई विचारतेय की ह्या मुलांना बरं नाहीये का?"

मुलांना बरं होतं. मुलं छान मांडी घालून, हाताची घडी, शांत बसून ऐकत होती. इथल्या शाळेत कार्पेट टाइम असतो ना, टीचर पुस्तक वाचते तेव्हा असंच बसायचं, मध्ये बोलायचं नाही, बोलायचं असेल तर हात वर. तिन्ही पोरं अगदी गुणी पोरांसारखी बसली होती. आणि नानांना वाटत होतं की ह्यांना माझी गोष्ट आवडलेली नाही. "कुणी मला अडवतच नाही," हे त्यांचं म्हणणं. "मी एकटीच बडबडतेय."

हे मला नीट कळायला दोन-तीन दिवस लागले. मैत्रिणीने समजावलं, काही मी स्वतः शोधून वाचलं. अनानसेसेममध्ये एक प्रकार असतो, म्मोगुओ. गोष्ट ऐन रंगात आलेली असताना ऐकणाऱ्यांतला कुणीतरी उठतो, म्हणतो थांब, त्या दिवशी मी तिथेच होतो! आणि गाणं सुरू करतो. सगळे ते गाणं उचलतात, टाळ्या, नाच, कधी कुणी त्या गोष्टीतल्या पात्राची नक्कलही करतो, आणि मग सांगणाऱ्याला परत गोष्ट सुरू करू देतात. सांगणारा कंटाळवाणा होत असेल तर त्याला वाचवायला म्मोगुओ, लोक पेंगत असतील तर उठवायला म्मोगुओ, आणि सांगणारा फारच फेकत असेल तर टोमणा मारायलाही तेच. म्हणजे मध्ये बोलणं हा आगाऊपणा नाहीच, उलट ते ऐकणाऱ्याचं कामच आहे. एफुआ सदरलँड म्हणून घानाच्या मोठ्या नाटककार होत्या, त्यांनी हा प्रकार थेट रंगभूमीवर आणला, प्रेक्षकांतून गाणं उठतं अशी नाटकं लिहिली, आणि १९६० च्या दशकात एकुम्फी आतविया नावाच्या गावात गावकऱ्यांबरोबर गोष्टींसाठी एक घरच बांधलं, कोडझिदान, म्हणजे गोष्टघर. गोष्टींसाठी वेगळी इमारत! आपल्याकडे कुठल्या गावात आहे सांगा.

आणि मग मला आमची आजी आठवली. ती गोष्ट सांगताना एकाला हुंकार द्यायला बसवायची. प्रत्येक वाक्यामागे "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो, आज हुंकार कुणाचा. मी माझ्या लेकीला गोष्ट सांगते तेव्हा हुंकार मागितलाय का कधी? नाही. मी पुस्तक वाचून दाखवते, तिने शांत ऐकावं आणि शक्यतो झोपावं अशी माझी अपेक्षा असते. रविवारच्या मराठी शाळेतही आम्ही तेच करतो, गोष्ट वाचतो आणि मग प्रश्नोत्तरं. असो, हा माझा विषय वेगळा.

मैत्रिणीचं म्हणाल तर ती गोष्टी "जतन" करायच्या मागे होती. नर्स आहे, शिफ्टमधून वेळ मिळत नाही, तरी नाना आल्यापासून त्यांच्या प्रत्येक गोष्टीचं फोनवर रेकॉर्डिंग. गूगल ड्राइव्हवर फोल्डर, फाइलला तारीख, गोष्टीचं नाव, सगळं व्यवस्थित. तिचा धोशा एकच, की आई गेली की हे सगळं जाईल. आणि ह्या विषयावर बोलायला लागलं की कुणीतरी ते अमादू हंपाते बा यांचं वाक्य टाकतंच, मालीचे होते ते, १९६० मध्ये युनेस्कोत बोलले होते की आफ्रिकेत एक म्हातारा माणूस मरतो तेव्हा एक ग्रंथालय जळून जातं. वाक्य भारी आहे, प्रश्न नाही. पण मला खरं सांगायचं तर ते हल्ली जरा सोयीचं वाटायला लागलंय. म्हाताऱ्याला ग्रंथालय म्हटलं की आपलं काम काय उरतं, स्कॅन करा आणि कपाटात ठेवा. नानांना विचारलं तर त्या म्हणतील ग्रंथालय कसलं, मला आधी समोरून उत्तर द्या. मैत्रिणीच्या त्या फोल्डरमधली एकही फाइल तिच्या मुलांनी उघडली नव्हती. तिने स्वतःही नाही.

पुस्तकांचंही तसंच. अनानसेची चित्रांची पुस्तकं इथल्या लायब्ररीत मिळतात, सुंदर असतात. पण ती गोष्टींवर मालकी कशी आली ती गोष्ट घ्या. सगळ्या गोष्टी आकाशदेव न्यामेच्या ताब्यात. अनानसे जाऊन म्हणतो मला विकत द्या. किंमत काय, तर ओनिनी अजगर, ओसेबो बिबट्या, म्मोबोरो गांधीलमाश्या आणि म्मोआतिया ही जंगलातली परी, हे सगळे जिवंत आणून दे. रॅट्रे नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने अशांती लोकांच्या (हे अकानांतलेच) गोष्टी गोळा करून १९३० साली छापल्या त्यात ही आहे, आणि त्यात अनानसे काय म्हणतो माहितीय? एवढं तर आणतोच, वर माझी म्हातारी आई न्सिया पण देतो! आई वर फुकट, भाजीवर कोथिंबीर दिल्यासारखी. आणि शेवटी खरंच नेऊन देतो. मी पाहिलेल्या मुलांच्या पुस्तकांत ही आई गायब आहे. दुसरं म्हणजे बऱ्याचशा युक्त्या त्याच्या नाहीतच, आसोच्या आहेत, बायकोच्या. अजगराला काठीशी मोजायच्या निमित्ताने बांधायचं, गांधीलमाश्यांवर पाणी ओतून पाऊस आलाय म्हणून भोपळ्यात शिरायला सांगायचं, सगळं आधी घरात नवरा-बायकोचं ठरतं. पुस्तकांत पुष्कळदा ते एकट्या हुशार कोळ्याच्या नावावर जातं. नानांच्या सांगण्यात मात्र आसोशिवाय पान हलत नाही, आणि आईचा भाग आला की त्या मुद्दाम जावयाकडे बघतात.

तरी पुस्तकांना नावं ठेवायची नाहीत मला. आफ्रिकन स्टोरीबुक म्हणून वेबसाइट आहे, दक्षिण आफ्रिकेतून चालते, कितीतरी आफ्रिकन भाषांत छोट्या गोष्टी, फुकट, कुणीही भाषांतर करा. त्यातल्या ४० गोष्टी घेऊन कॅनडात स्टोरीबुक्स कॅनडा उभं राहिलं, तिथल्या स्थलांतरितांच्या घरात ज्या भाषा बोलतात त्यात, ऑडिओसकट. आपल्या प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर पण ह्याच जातकुळीतलं. माझ्या लेकीने अशी बरीच वाचली. उपयोग आहेच. फक्त त्यातून म्मोगुओ येत नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांचा किस्सा सांगायलाच हवा. ते जमैकाचे, साठ वर्षं लंडनमध्ये. मैत्रिणीच्या मुलाच्या वाढदिवसाला आले, नाना मुलांना काहीतरी सांगत होत्या त्यात अनानसे ऐकू आलं आणि हे केक बाजूला ठेवून म्हणतात, हा तर आमचा अनान्सी! नाना म्हणतात तुमचा कुठून, आमचा! मग जे काय जुंपलं. ह्यांचा अनान्सी वाघाला गंडवणारा, नानांचा बिबट्याला. ह्यांच्या गोष्टीतला टुकुमा म्हणजे नानांचा न्तिकुमाच. आजोबांची गोष्ट संपली की ते म्हणायचे, "जॅक मँडोरा, मी नो चूझ नन", म्हणजे बाबांनो मी काही हे मनाने जोडलेलं नाही, मला बोल लावू नका. आणि नानांची सुरुवात काय होती, आम्ही खरं आहे असं म्हणत नाही. एकीने आधी हात झटकले, दुसऱ्याने नंतर. गोष्ट अंधारातच सांगायची हे आजोबांच्या लहानपणीही होतं, आणि घरात कुणी गेलं की नवव्या रात्रीच्या जागरणाला अनान्सी हमखास.

मी त्या रात्री बराच वेळ ह्यावर विचार करत बसले. गुलामांच्या जहाजांतून जी माणसं नेली त्यांच्याकडे पुस्तक नाही, फोन नाही, नावंसुद्धा काढून घेतलेली, भाषा पिढी-दोन पिढ्यांत मोडून गेली. तरी कोळी पोचला. जमैकात अनान्सी, सुरिनाममध्ये अनान्सी-तोरी, क्युरासाओत नान्झी. अनानसेने त्या परीला पकडायला चिकाची बाहुली केली होती ना, तीच युक्ती अमेरिकेत डांबराची बाहुली होऊन सशाच्या गोष्टीत निघाली. आणि इकडे क्रॉयडनमध्ये वायफाय आहे, ड्राइव्ह आहे, आजी प्रत्यक्ष सोफ्यावर बसलीय, आणि एका पिढीत गोष्ट अडकली. मला वाटतं तिकडे ऐकणारे मध्ये बोलणारे होते. मळ्यावर दिवसभर राबून रात्री एकत्र बसलेले, गाणं उचलणारे. जमैकाच्या कवयित्री मिस लू म्हणजे लुईस बेनेट (१९१९–२००६), त्यांनी अनान्सी रेडिओ-टीव्हीवर नेला तो सुद्धा तिथल्या बोलीत, साहेबी इंग्लिशमध्ये नाही. भाषा बदलली तर बदलली, पण समोरच्याने ओ दिली पाहिजे.

मैत्रिणीला हे म्हटलं तर ती म्हणाली, ते सगळं ठीक आहे गं, पण माझ्या पोरांना त्वी किती येतं, ब्रा आणि दिदी. ब्रा म्हणजे ये, दिदी म्हणजे जेव. (माझी लेक बरेच दिवस समजत होती की नाना सगळ्यांना ताई म्हणतात.) मी म्हटलं मग भाषांतर बंद कर. तू मध्ये बसू नकोस. नानांना जसं जमेल तसं सांगू दे.

मग ती मडक्याची गोष्ट झाली. अनानसेने जगातलं सगळं शहाणपण गोळा करून एका मडक्यात भरलं, आणि कुणाला मिळू नये म्हणून उंच झाडावर लपवायला निघाला. नानांनी भाषांतराच्या भरवशावर न राहता स्वयंपाकघरातून पातेलं आणलं. त्यात चवळी ओतली, त्यांच्याकडे भाताबरोबर चवळी शिजवतात त्यामुळे ती पिशव्यांनी असते घरात. पातेलं पोटाशी धरलं आणि आपलं मोठं छापील कापड कमरेभोवती गुंडाळून ते पोटाला बांधलं. मग सोफा म्हणजे झाड. एक पाय वर, पातेलं मध्ये येतंय, पाय घसरतोय. परत दुसरा पाय, परत घसरल्या. जावई घाबरून उभाच राहिला. मुलं आधी शहाण्यासारखी बघत होती, मग हसायला लागली, आणि तिसऱ्यांदा घसरल्यावर पाच वर्षांचा तो मुलगा न राहवून ओरडला, "नाना, पाठीला बांध ना! पाठीला!"

आता गोष्टीत नेमकं हेच आहे. खाली उभा असलेला न्तिकुमा बापाला हेच सांगतो, बाबा मडकं पाठीला बांधा. त्या पोराला गोष्ट माहीत नव्हती. त्याला एवढंच माहीत होतं की नानांच्या त्या कापडाने तान्ह्या बाळांना पाठीला बांधतात, त्यालाही बांधलेलं आहे, फोटो आहे घरात. नाना गर्रकन वळल्या. चेहरा असा की सगळं शहाणपण माझ्या मडक्यात आणि हे एवढंसं पोर मला अक्कल शिकवतंय! आणि त्यांनी रागाने कापडाची गाठ सोडली. चवळी हॉलभर. नाना दोन्ही हात हलवून ओरडत होत्या, ब्रा, ब्रा! तिन्ही पोरं कार्पेटवर लोळण घेऊन मुठी भरतायत, माझी लेक फ्रॉकमध्ये गोळा करतेय, खालचे जमैकन आजोबा आवाज ऐकून वर आलेले.

मैत्रिणीने ह्या वेळी रेकॉर्डिंग केलंच नव्हतं. नंतर खूप हळहळली.

शेवट मात्र नानांनी शांतपणे केला, दम लागला होता. तो त्यांचा ठरलेला शेवट, मला तोंडपाठ झालाय: ही माझी गोष्ट, गोड लागली असेल, नसेल लागली, थोडी घेऊन जा आणि थोडी माझ्याकडे परत येऊ दे. आपली साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण होते, म्हणजे संपते. ही उसनी दिल्यासारखी जाते.

त्यानंतर मुलं सुटलीच. "होल्ड इट नाना, आय वॉज देअर!" हे दर दोन मिनिटांनी. बऱ्याचदा उगाच. माझी लेक मध्येच उठून "चल रे भोपळ्या टुणुक टुणुक" करून आली, आणि नानांनी ते टाळ्या वाजवून अख्खं उचललं, शब्द न कळता. मोठ्या मुलीने नानांकडून म्मोगुओचं एक खरं गाणं शिकून घेतलं, चार ओळींचं, त्वीमध्ये, उच्चार नाना दुरुस्त करत होत्या. त्वीचा क्लास लावून वर्षभरात जे आलं नव्हतं तेवढं तीन आठवड्यांत आलं असं मैत्रीण म्हणते, मी त्यावर काही बोलत नाही, क्लासवाल्यांचंही पोट आहे.

जाता जाता एक, कारण हे मी कधीची सांगायची थांबलेय. माझी ऑफिसातली एक मैत्रीण केनियातल्या मोंबासाची. तिला हे सगळं सांगितलं तर म्हणाली आमच्याकडे सांगणारा म्हणतो पाउक्वा, ऐकणारे म्हणतात पाकावा, तेव्हाच गोष्ट सुरू. आणि मग तिने तिच्या आजीची गोष्ट सांगितली. समुद्राकाठी झाड, त्यावर माकड, पाण्यात शार्क. माकड फळं टाकतं, मैत्री होते, शार्क त्याला पाठीवर घेतो आणि वाटेत सांगतो की आमचा सुलतान आजारी आहे, त्याला माकडाचं काळीज हवंय. माकड म्हणतं अरे आधी सांगायचंस, काळीज झाडावरच राहिलं! मी ऑफिसच्या पँट्रीत किंचाळलेच. अगं ही आमची! मगर आणि माकड! पंचतंत्र! पुढे ती म्हणाली, मग माकड परत न जाता शार्कला म्हणतं मी काय धोब्याचं गाढव आहे का. धोबी! तोच शब्द, स्वाहिलीत दोबी. कुठल्या गलबतातून कुठला धोबी गाढव घेऊन झांझिबारला उतरला असेल देव जाणे. एडवर्ड स्टीअर नावाच्या मिशनऱ्याने झांझिबारमध्ये ऐकून १८७० साली जे स्वाहिली गोष्टींचं पुस्तक छापलं त्यात ही आहे, धोब्याच्या गाढवाचा किस्सा ह्याच नावाने. किस्सा हा शब्दसुद्धा तिथे किसाच आहे. ती आणि मी, दोघीही एकाच गोष्टीवर वाढलेल्या आणि चार वर्षं शेजारी बसून फक्त एक्सेलबद्दल बोलत होतो.

ऑक्टोबरच्या शेवटी नाना परत गेल्या. व्हिसा संपला. विमानतळावर पाच वर्षांचा तो रडला नाही, त्याने विचारलं की कुमासीत सोफा आहे का.

आता डिसेंबर. आमच्याकडे चारच्या सुमारास अंधार, पडदे ओढायचीसुद्धा गरज नाही, पोरं शाळेतून येऊन कोट काढायच्या आत फोन लावतात. घाना आणि लंडनच्या घड्याळात हिवाळ्यात काही फरक नाही, जे इथे चार तेच तिथे चार. पण कुमासीत चारला चांगलं ऊन असतं. नाना फोन उचलतात, सगळ्यांची चौकशी करतात, जेवलात का विचारतात, आणि गोष्ट सांगायला ठाम नकार देतात. पोरं म्हणतात नाना इथे अंधार झालाय! नाना म्हणतात इथे नाही झाला. गोष्ट कुठून निघणार, इथून ना, मग इथला अंधार धरायचा.

मग फोन चालूच राहतो. नाना तो अंगणातल्या खुर्चीवर आभाळाकडे तोंड करून ठेवून देतात आणि आपल्या कामाला लागतात. काल मी साखर मागायला गेले तर तिन्ही पोरं दिवा न लावता टेबलाशी बसून त्या स्क्रीनमधलं आभाळ बघत होती, पिवळं होतं, मग जरा तांबूस झालं. माझ्या लेकीने मला शू केलं. धाकटा दर मिनिटाला फोनजवळ तोंड नेऊन विचारत होता, "नाना, झाला?" आणि लांबून भांड्यांच्या आवाजातून उत्तर येत होतं, थांब.